मळकी नोटच बरी

बँकेच्या कॅश काउंटरवर उभी हयात गेली, त्यामुळे कोरी करकरीत नोट हातात आली की कौतुकाआधी संशय येतो. ही खोड छंदातही उतरली आहे. पहिल्या महायुद्धापासून 1923 पर्यंत जर्मन नगरपालिकांनी काढलेल्या अडीअडचणीच्या नोटा, म्हणजे नोटगेल्ड, मी जमवतो. पण बाकीचे संग्राहक ज्या रंगीत मालिकांवर जीव टाकतात, त्यांच्यात माझं मन रमत नाही.

1914 साली युद्ध पेटलं आणि लोकांनी नाणी घरात दडवली. पुढे निकेल आणि तांबंही युद्धाच्या कामी गेलं. बाजारात सुट्ट्यांची बोंब. आपल्याकडे वाणी अशा वेळी हातावर गोळ्या टेकवतो. तिथे नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी 10, 25, 50 फेनिगच्या (100 फेनिग म्हणजे 1 मार्क) नोटा छापून घेतल्या. (दुसऱ्या महायुद्धात काठेवाडातल्या संस्थानांनी पुठ्ठ्याची कॅश कुपनं काढली, तीही चिल्लरीच्याच टंचाईने.)

माझ्याकडची 1917 ची एक 50 फेनिगची नोट खेळायच्या पत्त्यापेक्षाही लहान आहे. पालिकेचं चिन्ह, सही, मुदतीची तारीख, बस. मधली घडी इतकी मुरलेली की दिव्यासमोर धरली तर रेघेतून उजेड येतो. उजव्या कोपऱ्यात तेलकट डाग. नोटा मोजताना अंगठा नेमका तिथेच पडतो, हे कॅशियरला सांगावं लागत नाही.

नंतर पालिकांच्या ध्यानात आलं की संग्राहक नोट विकत घेतो आणि वटवायला काही येत नाही. म्हणजे निव्वळ फायदा. मग 1920 ते 22 मध्ये नुसता पूर आला. हामेल्नने आपल्या लोककथेतले उंदीर आणि बासरीवाला छापला, एरफुर्टने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, मेक्लेनबुर्गमधल्या 70 गावांनी तर फ्रित्स रॉयटर या लेखकाच्या नावाने सामायिक मालिकाच काढली. काही मालिकांची मुदत विक्रीला येण्याआधीच संपलेली! जिने कधी पावशेर लोणी आणलं नाही, तिला नोट कशाला म्हणायचं? शिवाय काही नोटांवर ज्यूद्वेषाची ओंगळ चित्रंही आहेत. ती मी घेत नाही.

बीलेफेल्डचा अपवाद. तिथल्या बचत बँकेने गावच्या कापडधंद्याला शोभतील अशा रेशमावर, लिननवर, मखमलीवर नोटा छापल्या. चैनच ती, पण तिथे मी विरघळतो.

1923 च्या नोटा मात्र माझ्या खास लाडक्या. महागाईचा असा भडका की नोव्हेंबरात एक डॉलर 4 लाख 20 हजार कोटी मार्कांवर गेला. छापखान्यांना दम नव्हता: नोटा एकाच बाजूने छापायच्या, जुन्या नोटेवर नवा आकडा ठोकायचा. थुरिंगिया राज्याच्या सरकारसाठी बाउहाउस या कलाशाळेतल्या हर्बर्ट बायर या विद्यार्थ्याने लाखांच्या नोटा आखून दिल्या. वेलबुट्टी नाही की देखावा नाही, फक्त ठसठशीत आकडे. काउंटरवरच्या माणसाला दुसरं काय लागतं?

माझ्याकडे हामेल्नच्या जादा नोटा पडून आहेत, अगदी कोऱ्या. कुणाकडे 1917-18 च्या वापरलेल्या, घडी पडलेल्या असतील तर कळवा, अदलाबदल करू. फाटकी चालेल, फक्त चिकटपट्टी लावलेली नको.