चेरी श्रिंपचा टँक : सातवा महिना, आणि पिल्लं का जात होती ते कळलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की चेरी श्रिंपची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीची, पहिली पिल्लं मार्चअखेर दिसली. मेच्या मध्यापर्यंत त्यातली जेमतेम चार-पाच उरली आणि मोठ्या बारांपैकीही तीन गेले. कारण सापडायला वेळ लागला, म्हणून आज तेवढंच नीट लिहितो.

टँक तोच, 60 × 30 × 30 सेंमीचा. दगड-मातीची जागा सोडली तर पाणी साधारण 45 लिटर. स्पंज फिल्टर, जावा मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) भरपूर, मासा एकही नाही. एप्रिलमध्ये पुण्यात पाणी 31 अंशांवर गेलं तेव्हा मी वर छोटा पंखा लावला. पाणी 28 वर आलं. पण कोरड्या हवेत पंख्याखाली रोज अर्धा सेंमी पाणी उडायचं, म्हणजे जवळजवळ 900 मिली. ते मी रोज नळाच्या पाण्यानं भरत होतो, क्लोरीन काढून. आणि पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून त्या सहा आठवड्यांत पाणी बदललंच नाही.

चूक इथेच झाली. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 140. रोज त्याचीच भर पडत गेली आणि 180 चा टँक 310 वर पोचला, जीएच (पाण्याचा कठीणपणा) 6 वरून 10 वर. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणून टीडीएस मीटर बाहेर काढायचं सुचलंच नाही.

लक्षात आलं ते एका मेलेल्या मादीमुळे. डोकं आणि पोट जुळतं तिथे मानेभोवती पांढरी कडी, टरफल गोल फाटलेलं, पण अंग आतच अडकलेलं. चांगली कात पडते तेव्हा टरफल तिथे वरच्या बाजूनं उघडतं आणि श्रिंप एका झटक्यात बाहेर येतो. हिला ते जमलं नव्हतं. पिल्लं तर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेळा कात टाकतात, त्यामुळे बिघडलेल्या पाण्याचा फटका आधी त्यांनाच बसला असणार.

टीडीएस एकदम खाली आणला नाही, त्या धक्क्यानेही अवेळी कात पडते. दिवसाआड दोन लिटर काढून तेवढंच आरओचं पाणी हवेच्या पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून थेंबथेंब सोडलं. 200 वर यायला सुमारे तीन आठवडे लागले. आता उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओनं आणि पाणी बदलताना नळाचं, आठवड्याला चार लिटर, पाणी ओढून काढायच्या नळीच्या तोंडाला स्पंज लावून. घरचं आरओ वापरणार असाल तर त्यात तांब्याचं कार्ट्रिज नाही ना, हे आधी बघा. एसीचं पाणी मला दोघांनी सुचवलं होतं. ते तांब्याच्या कॉइलवरून येऊ शकतं, मी वापरणार नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन माद्यांच्या पोटाखाली अंडी आली. पाणी 26 अंश. एकीची अंडी पिवळट हिरवी, दिवसभर पायांनी वारा घालत बसलेली. विसाव्या दिवसाच्या सुमारास भिंगातून प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसायला लागले, ते पिल्लाचे डोळे. अठ्ठाविसाव्या दिवशी पोट रिकामं झालं. अमानो या दुसऱ्या जातीच्या श्रिंपसारखं अळ्यांना खारं पाणी लागत नाही, अंड्यातून थेट छोटा श्रिंपच निघतो, हीच चेरीची सोय आहे.

पिल्लांसाठी वेगळा टँक केला नाही. जुना मॉस आणि देशी बदामाचं वाळलेलं पान, त्यावरचा बुळबुळीत थर हेच त्यांचं मुख्य खाणं. आठवड्यातून दोनदा उकडलेला पालक, तोही चार तासांनी काढून टाकतो.

काल रात्री टॉर्च धरून पानावरची पिल्लं मोजली, चौतीसपर्यंत जमलं. दोन मिलिमीटरची, आरपार दिसणारी, आतड्याची तपकिरी रेघ तेवढी गडद. त्यातलं एक पानाच्या शिरेवरून पुढचे पाय भराभर चालवत निघालं होतं. शेजारीच त्याची कात पडलेली होती, अख्खी.