दर सोमवारी बसणारी बॅटरी

सकाळी सहाला नौपाड्यातल्या काकांचा फोन वाजला की वार कुठला हे मला विचारावं लागत नव्हतं. सोमवारच असायचा.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. काकांची गाडी पुश बटनवाली, पाच वर्षांची. काकूंचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाला सेंटरवर हजर राहायचं. बुधवारी आणि शुक्रवारी गाडी निमूट चालू व्हायची. सोमवारी बटन दाबलं की नुसतं टक-टक-टक, सेल्फ फिरायचाच नाही. तीन सोमवार काकूंना रिक्षाने न्यावं लागलं. जाताना एक वेळ ठीक, पण चार तास मशीनवर काढलेल्या माणसाला परत येताना रिक्षाचे धक्के सोसत नाहीत.

माझ्याकडे येण्याआधी एकाने काही न मोजता त्यांना नवीन बॅटरी घालून दिली होती. तीही सोमवारी बसली. मला या प्रकाराची मनापासून चीड आहे. टाकी गळतेय का ते न बघता टाकीच बदलायची, आणि पैसे जातात ते पेन्शनमधून.

मी गाडी गॅरेजला आणली. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करत होता. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, सकाळी लोड टेस्टला, म्हणजे भार टाकून बघितल्यावर, पास झाली. राहिलं ते करंट लीकेज, म्हणजे गाडी बंद असताना कोण चोरून करंट खातंय ते शोधणं.

या कामात घाई केली की फसलाच. गाडी लॉक केल्यावर तिच्यातले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, लगेच झोपत नाहीत, कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. त्याआधी मीटर बघितला तर चांगली गाडीही खराब वाटते. मी बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बंद केलं, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटावं. ड्रायव्हरच्या दाराचंही तसंच केलं. लॉक केलं, चावी लांब, गॅरेजच्या ऑफिसमधल्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलो आणि बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावला, म्हणजे केबल न काढता करंट मोजणारा चिमटा. सुरुवातीला ३ अँपिअर, मग ०.४, आणि बावीस मिनिटांनी ०.०२. वीस मिलिअँपिअर. पन्नासच्या आत असलं की आम्ही गाडी पास करतो. गाडी दोन दिवस तशीच उभी ठेवली, तिसऱ्या दिवशी बटन दाबताच चालू.

दोष नसलेली गाडी परत देताना मला बरं वाटलं नाही. आणि सोमवारी सहाला फोन आला.

त्या संध्याकाळी मीटर घेऊन मी काकांच्या घरी गेलो. जुनी इमारत, तळमजल्याचं घर, गाडी कंपाउंडमध्ये हॉलच्या खिडकीला अगदी चिकटून. ड्रायव्हरचं दार आणि भिंत यांच्यात जेमतेम माणूस शिरेल एवढी जागा. क्लॅम्प लावला, काकांनी गाडी लॉक केली आणि चावी घेऊन आत गेले. अर्धा तास झाला तरी आकडा ०.३ ते ०.४च्या खाली येईना. मधेच उडी मारायचा, परत बसायचा. कोणीतरी थोड्या थोड्या वेळाने गाडीला हलवून उठवतंय असंच वाटत होतं.

काकू चहा घेऊन खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "अरे, त्या चावीचा सेलसुद्धा टिकत नाही बघ. दिवाळीपासून दोनदा बदलला."

मी विचारलं, "काकू, चावी ठेवता कुठे?"

त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. लाकडी की-होल्डर, वर कोरलेला गणपती, खाली पितळी हुक. दिवाळीच्या आधी हॉलला रंग दिला तेव्हा तिथे ठोकलेला. त्यापूर्वी चावी आत स्वयंपाकघरात, फ्रिजवर असायची. हुकापासून गाडीचं दार हातभर, मधे फक्त खिडकी.

या गाड्यांना चावी जवळ आहे का हे रेडिओ सिग्नलने कळतं. गाडी हाक मारते, चावी ओ देते. चावी सतत टप्प्यात राहिली तर काही गाड्यांत हे चालूच राहतं, युनिट झोपत नाहीत आणि दोन्हीकडची बॅटरी खर्च होते. काही नव्या चाव्या न हलता पडून राहिल्या की आपोआप झोपतात, ही तशी नव्हती. आणि मी गॅरेजमध्ये नियमाप्रमाणे चावी लांब ठेवली होती, म्हणून तिथे दोष दिसलाच नाही.

चावी स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला सांगितली. आम्ही तिघं मीटरकडे बघत बसलो. अठराव्या मिनिटाला ०.०२. काकांचा विश्वास बसेना, म्हणून चावी परत हुकाला लावली. आकडा लगेच वर.

चहाच्या कपाशेजारी पावतीच्या मागे हिशोब मांडून दाखवला. ०.३५ अँपिअर, शुक्रवारी दुपारपासून सोमवारी पहाटेपर्यंत ६५ तास, म्हणजे जवळजवळ २३ अँपिअर-अवर. बॅटरी ४५ची. त्यात सेंटर जवळ, गाडी जाऊन-येऊन पाऊण तास चालणार, तेवढ्यात ती पुरती भरतही नाही. बुधवार-शुक्रवारमधलं अंतर कमी, म्हणून ते दोन दिवस निभावत होते. काका कागद हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे पहिली बॅटरी चांगली होती."

होती. पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरल्याने थोडी खराब झाली असेल, पण टाकून देण्यासारखी नक्कीच नव्हती.

काकूंनी तेव्हाच होल्डर काढून मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकायला लावला. नवीन बॅटरी मी रविवारी चार्जरने पूर्ण भरून दिली.

पुढच्या सोमवारी सव्वासहाला मीच फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पावणेसातला काकांचा आला. गाडी चालवत होते म्हणून उचलला नव्हता.