लांब केसांना लागणारे दुसरे हात

शिकेकाईची स्तुती आजकाल जिथे तिथे वाचायला मिळते आणि तिच्यातला पुष्कळसा भाग खराही आहे. परंतु शिकेकाईने न्हाणे हे एकटीचे काम कधीच नव्हते, ही गोष्ट त्या स्तुतीत हमखास सुटते. कमरेखाली उतरणारे केस आणि थेंबभर डोळ्यांत गेले तरी आग करणारे ते तपकिरी पाणी सांभाळायचे, तर तांब्याने बेताने पाणी घालणारी, केसांच्या मुळाशी शिकेकाई चोळणारी आणि नंतर गुंता सोडवून वेणी घालणारी दुसरी बाई घरात असावीच लागे. आजीच्या पिढीपासून माझ्यापर्यंत केसांच्या निगराणीत काय काय बदलले याचा विचार करताना कोणती वस्तू गेली आणि कोणती आली यात मला फारसे स्वारस्य वाटत नाही. त्या दुसऱ्या बाईचे काय झाले, हे मात्र पाहावेसे वाटते.

आमच्या घरी शिकेकाईची तयारी उन्हाळ्यात होत असे. शेंगा कडकडीत वाळवायच्या, त्यांत रिठा, आवळकाठी, मेथ्या, नागरमोथा, वाळा, गव्हला कचरा आणि वर्षभर जमवलेली संत्र्याची साल घालायची, आणि मग हे सारे दळून आणायचे. धान्याच्या गिरणीत ते कोणी घेत नसे, कारण त्यानंतर दळलेल्या ज्वारीला कडवट चव येई. म्हणून तिखट-हळद कुटणाऱ्या डंकावर किंवा वेगळ्या चक्कीवर जावे लागे आणि तिथे उभी असलेली प्रत्येक बाई तोंडाला पदर लावूनही शिंकत असे. न्हाण्याच्या आदल्या रात्री ही पूड पाण्यात भिजत घालायची, सकाळी उकळायची आणि फडक्यातून गाळून घ्यायची. बंब पेटवलेला असे, घंगाळात पाणी विसणलेले असे आणि पाटावर केस पुढे घेऊन बसलेल्या बाईच्या डोक्यावर तिची आई, जाऊ किंवा नणंद पाणी घालत असे. वेळेच्या हिशोबाने पाहिले तर घरातल्या दोन बायकांची अख्खी सकाळ त्यात जाई, त्यामुळे मोठ्या घरात न्हाण्याचा वार ठरलेला असणे ही सोयीचीही बाब होती. आमच्याकडे सवाष्णींचा वार शुक्रवार होता. सोमवारी आणि एकादशीला डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही असा दंडक होता आणि त्याचे कारण विचारणाऱ्या मुलीला उत्तर मिळत नसे. केस कधी धुवायचे हे ज्याचे केस त्याने ठरवायचे नसते, हे मात्र मुली त्यातून लहानपणीच शिकत.

शिकेकाई चांगली का, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि ते साधे आहे. शिकेकाई आणि रिठा या दोन्हींत सॅपोनिन नावाची फेस देणारी द्रव्ये असतात. ती तेल आणि मळ पाण्याबरोबर वाहून नेतात. साबणानेही हेच साधते, पण विहिरीच्या जड पाण्यातले क्षार आणि साबण यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर तयार होतो आणि तो केसांवर बसतो. देशावरच्या पुष्कळ गावांत विहिरीचे पाणी जड असते, त्यामुळे अंगाच्या साबणाने केस धुतले की ते राठ आणि चिकट होतात, हा बायकांचा अनुभव अगदी खरा होता. शाम्पूतली द्रव्ये जड पाण्यातही असा थर धरत नाहीत, म्हणून शाम्पू आल्यावर त्याने प्रथम साबणाला केसांवरून हटवले आणि शिकेकाईची पाळी त्यानंतर आली. खोबरेल तेलाची बाजूही भक्कम आहे. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसाच्या आत शिरून प्रथिनांची झीज कमी करण्यात खोबरेल सरस ठरले. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत झाले होते हे लक्षात ठेवावे. तरी खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसात सहज शिरतो, हे त्यामागचे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे.

मात्र घरगुती ते सारे निर्धोक, हा समज मला मान्य नाही. उवा आणि लिखा हा लांब केसांच्या घरातला कायमचा विषय होता आणि दुपारी ओसरीवर एकीमागे एक बसून, दोन्ही बाजूंनी बारीक दाते असलेल्या फणीने डोकी साफ करणे हा त्यावरचा मुख्य उपाय होता. दुसरा उपाय म्हणजे सीताफळाच्या बियांची पूड. ही पूड उवा मारते, परंतु डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते आणि अशा रुग्णांच्या नोंदी भारतातल्या नेत्रवैद्यांनी केलेल्या आहेत. आजीच्या बटव्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही पूड सहसा आढळत नाही.

केसांची रचना हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून त्यावर थोडेच लिहिते. मुलींना वेणी, सवाष्णींना खोपा, वयस्क बायकांना साधा अंबाडा असा ढोबळ क्रम होता. केस कमी असतील तर गंगावन जोडले जाई आणि खोप्यावर ऐपतीप्रमाणे राखडी, मूद, केतकी असे सोन्याचे दागिने किंवा ऋतूप्रमाणे फुले येत. शेवंतीची वेणी आणि मोगऱ्याचा गजरा सगळीकडे दिसे, पण तळकोकणात आणि गोव्यात अबोली आणि सुरंगी यांचा मान मोठा होता आणि वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, आजही हंगामात विकायला येतात. पाच पेडांची वेणी स्वतःच्या पाठीवर स्वतः घालून पाहावी. दुसऱ्या हातांचा मुद्दा लगेच ध्यानात येईल.

हे हात ज्या बाईला नाकारले जात, तिच्याबद्दल मात्र थोडक्यात लिहून भागणार नाही. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत नवरा गेला की बाईचे केशवपन होई. त्याला आधार म्हणून स्कंदपुराणाच्या काशीखंडातला एक श्लोक सांगितला जाई: विधवेने बांधलेली वेणी परलोकात पतीला बंधन होते, म्हणून तिने सदैव मुंडन करावे. ज्या घरात शुक्रवारी सवाष्णींच्या न्हाण्याची गडबड असे, त्याच घराच्या मागच्या दाराने न्हावी येई आणि लाल आलवणातली बाई, काही वेळा बारा-तेरा वर्षांची मुलगी, त्याच्यापुढे डोके वाकवून बसे. हे एकदाच होऊन संपत नसे. केस वाढतात, म्हणून हे आयुष्यभर ठरावीक दिवसांनी होत राही. आपले पारंपरिक सौंदर्यशास्त्र म्हणून जे सांगितले जाते, त्याचा हा अर्धा भाग वगळला तर उरलेल्या अर्ध्याचा अर्थच लागत नाही, असे माझे मत आहे. सवाष्णीचे लांब केस ही तिची मिळकत नव्हती. नवऱ्याच्या हयातीवर ठेवलेली ती ठेव होती.

या प्रथेवरचा एक मोठा आघात केशवपन करणाऱ्यांकडूनच झाला. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निश्चय त्यांनी केला. ज्यांना या कामाचे पैसे मिळत होते, त्यांनी ते सोडण्याची तयारी दाखवली याचे मोल मला फार वाटते. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, म्हणजे विधवांना आसरा आणि शिक्षण देणारी संस्था, मुंबईहून पुण्याला आले होते. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. गोदूबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या गावोगाव हिंडल्या, त्या बराच काळ सोवळ्या वेषातच, कारण त्या वेषामुळे जुन्या वळणाचे लोक त्यांचे ऐकून घेत. पुढे विचारपूर्वक त्यांनी केशवपन सोडले. आज विशीतल्या मुलीने केस कापल्यावर घरात दोन दिवस अबोला धरला जातो, तेव्हा मला पार्वतीबाईंचा निर्णय आठवतो. त्यांना तर केस ठेवण्यासाठी धैर्य लागले होते.

केशवपन गेले, तरी गजरा लगेच परत आला नाही. विधवेने फुले माळू नयेत, हळदीकुंकवाला येऊ नये, हे पुढेही चालू राहिले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो २०२२ साली. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो ठराव आदर्श म्हणून ठेवला.

दुसऱ्या टोकाला जट आहे. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत, आजारपणात महिनोन्‌महिने गुंता तसाच राहिला की त्याचा घट्ट लोळ बनतो. तो देवीचा कौल मानला जाई, मग कात्री लावणे तर दूरच, फणीही लावायची नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याच्या प्रथेशीही जटेचा संबंध होता. डोक्यावर काही किलो ओझे, मानेचे दुखणे, उवा, जखमा हे सारे सोसत बायका वर्षे काढत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या आजही अशा बायकांची समजूत घालून जट कापतात. कात्री चालवायला थोडा वेळ पुरतो, समजूत घालायला मात्र कधी कधी अनेक महिने जातात, आणि ती बाईची एकटीची नाही, घरच्या सगळ्यांची घालावी लागते.

नोकरी करणाऱ्या बायकांची पिढी आली, तेव्हा ही सारी व्यवस्था मोडली. सकाळी लोकल गाठणाऱ्या बाईला शुक्रवारची सकाळ मोकळी नव्हती आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पाणी घालायला जाऊही नव्हती. न्हाणे रविवारवर गेले, केस पाठीच्या मध्यावर आले, मग खांद्यावर आले. १९८० च्या सुमारास तामिळनाडूतल्या उद्योजकांनी शाम्पू छोट्या पुड्यांतून विकायला सुरुवात केली आणि ती पुडी बघता बघता आपल्याकडच्या खेड्यातल्या किराणा दुकानातही माळेसारखी टांगलेली दिसू लागली. पुडीने खरे स्वातंत्र्य दिले ते एकटीने, थोड्या पाण्यात, दहा मिनिटांत न्हाण्याचे. शिकेकाई मागे पडली याचे खापर जाहिरातींवर फोडणाऱ्यांनी एकदा खांद्यापर्यंतचे केस शिकेकाईने एकट्याने धुऊन, डबा घेऊन सव्वाआठला घराबाहेर पडून दाखवावे.

दुसरे हात पार्लरच्या रूपाने परत आले. गल्लीतल्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि एक मोठा आरसा, एवढ्यावर सुरू झालेल्या या व्यवसायाने कितीतरी बायकांना स्वतःचे उत्पन्न दिले. तिथे डोक्याला तेल लावून घेताना डोळे मिटून बसलेल्या बायका मी पाहते, तेव्हा त्या तेलासाठी आलेल्या नाहीत हे कळते. त्या अर्ध्या तासात त्यांच्याकडे कोणी चहा मागत नाही. घरातल्या जावेचे हात फुकट होते, पण त्यांबरोबर टोमणेही येत आणि परतफेडही करावी लागे. पैसे देऊन घेतलेल्या हातांबरोबर ते येत नाहीत, याला मी तरी वाईट म्हणणार नाही.

काळजी वाटते ती आता त्या खुर्चीत जे केले जाते त्याची. केस सरळ करण्याच्या काही उपचारांत फॉर्मल्डिहाइड वापरले जाते किंवा तापवल्यावर तयार होते. तो वायू ग्राहक बाई वर्षातून एकदा-दोनदा हुंगते, आणि बंद वातानुकूलित खोलीत काम करणारी मुलगी रोज हुंगते. काळ्या मेंदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हे रसायन असते. त्याने काही जणींचा चेहरा सुजतो, कपाळावर पुरळ उठते. कानामागे थोडे लावून दोन दिवस थांबण्याची सूचना पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात असते की, ज्या वयात केस रंगवायला लागतात त्या वयात ती चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मी स्वतः रंग लावणे सोडून दिले आहे. आईला ते अजून पसंत नाही.

विंचरताना गळालेल्या केसांचेही सांगायला हवे. लहानपणी त्यांचे बोटाभोवती वेटोळे करून, त्यावर तीनदा थुंकून, ते मागच्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवायचे असत, कारण केस वाऱ्यावर गेले तर कोणी करणी करील अशी भीती घातली जाई. ते वेटोळे पुढे केस घेणाऱ्याला दिले की त्याच्या बदल्यात फुगा किंवा सुया-पिना मिळत. आता तोच माणूस मोटारसायकलवर येतो, लहानसा तराजू काढतो आणि केस वजन करून भांडी किंवा रोख पैसे देतो. हे केस पुढे गुंता सोडवून, लांबीप्रमाणे निवडून टोपांसाठी परदेशी जातात. त्यात चोरट्या निर्यातीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. आमच्या गल्लीत येणारा माणूस लांब केसांना जास्त भाव देतो आणि रंगवलेले केस असतील तर पिशवी उघडून पाहिल्यावर तशीच परत करतो.