फिजिक्सची अडलेली गणितं आणि मास्टर्सचा निर्णय: मदत मागताना मला काय कामी आलं

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात मला एकाच वेळी दोन बाबतींत मदत हवी होती. पुढे सरळ सीएसईत (कॉम्प्युटर सायन्समध्ये) एम.टेक. करावं की कॉम्प्युटेशनल सायन्सकडे, म्हणजे विज्ञानातले प्रश्न संगणकावर सिम्युलेशनने सोडवण्याकडे वळावं, ही एक. आणि त्या तयारीसाठी घेतलेल्या एनपीटेलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसचा उपक्रम) फिजिक्स कोर्समधली गणितं सुटत नव्हती, ही दुसरी. आपल्या शाखेत फिजिक्स पहिल्या वर्षी भेटतं आणि तिथेच सुटतं. सिम्युलेशनमध्ये काम करायचं तर मेकॅनिक्स पक्कं लागतं, म्हणून आधी गणितांचं सांगतो.

अगदी साधं गणित घ्या. २ किलोचा ठोकळा, ३० अंशांचा उतार, घर्षणांक ०.२, त्वरण काढा. वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडतं आणि उरतं ते ९.८ × (साइन ३० − ०.२ × कॉस ३०). कागदावर उत्तर येतं ३.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. तेच पायथनमध्ये टाकलं तर येतं उणे ९.९९. कारण तिथलं साइन फंक्शन कोन रेडियन या दुसऱ्या एककात घेतं आणि आपण अंश दिलेले असतात. आपल्या शाखेतल्या मुलांची ही हमखास होणारी चूक आहे. ती पकडायला कुणाला विचारावं लागत नाही, उत्तराकडे नीट बघितलं की पुरे: उणे चिन्ह म्हणजे ठोकळा आपोआप उतार चढतोय, तोही मोकळ्या पडणाऱ्या दगडापेक्षा जास्त त्वरणाने. असं होऊच शकत नाही.

आता घर्षणांक ०.६ करा. कोन बरोबर दिला तरी सूत्रातून उणे ०.१९ येतं. इथे प्रोग्रॅम चुकलेला नाही, सूत्रच लागू होत नाही. टॅन ३० म्हणजे ०.५७७. स्थिर घर्षणांक त्याहून जास्त असेल तर उतारावर ठेवलेला ठोकळा हलतच नाही आणि त्वरण शून्य. घर्षण हालचालीला विरोध करतं, स्वतःहून ढकलत नाही. म्हणून कोडमध्ये आधी 'ठोकळा घसरेल का' ही अट तपासायची आणि मगच सूत्र लावायचं. ही एक ओळ समजली तेव्हा फिजिक्स आणि प्रोग्रॅमिंग वेगळे विषय वाटेनासे झाले.

दुसरी अडचण जास्त खोलवरची होती. स्प्रिंगला बांधलेलं वजन, घर्षण नाही, वस्तुमान १ आणि स्प्रिंग स्थिरांकही १. ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे आत्ताच्या स्थान-वेगावरून पुढच्या क्षणाचे काढत, ०.०१ सेकंदाची पायरी घेऊन सोडवलं की आलेखात झोका हळूहळू मोठा होत जातो. कोड दहादा वाचला तरी चूक सापडत नाही, कारण चूक पद्धतीत आहे. या पद्धतीत प्रत्येक पायरीला एकूण ऊर्जा १.०००१ पट होते. १,००० पायऱ्यांनंतर, म्हणजे १० सेकंदांत, ती साधारण १०.५ टक्क्यांनी वाढलेली असते. १०,००० पायऱ्यांनंतर २.७ पट. पायरी लहान केली तर वाढ मंदावते, थांबत नाही. उपाय मात्र एका ओळीच्या अदलाबदलीचा आहे: आधी वेग बदलायचा आणि स्थान काढताना जुना नाही, हा नवा वेग वापरायचा. मग ऊर्जा किंचित खालीवर होत राहते, पण वाहवत जात नाही. ऊर्जेचा आलेख काढायची सवय यासाठीच लावून घ्या. नुसत्या स्थानाच्या आलेखात ही गडबड सुरुवातीला दिसत नाही.

मदत मागताना मी मूळ प्रश्न जसाच्या तसा, फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती), कुठल्या पायरीपर्यंत आलो ती पायरी आणि कुठलं उत्तर का खटकतं, एवढं पाठवायचो. कोड १५ ओळींच्या आत, चालवता येईल असा. २०० ओळींची फाइल कुणी उघडत नाही. एनपीटेलच्या १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम ८ असाइनमेंटचे २५ गुण आणि परीक्षेचे ७५ धरतात. त्यामुळे मुदत संपण्याआधी उत्तर मागणं चूकच. आकडे बदलून तेच गणित बनवायचं आणि रीत विचारायची.

पुढच्या शिक्षणाचा सल्लाही असाच मागावा लागतो. 'सर, मास्टर्ससाठी काय करू?' या मेलला उत्तर काय देणार? माझा मेल असा होता: 'सर, सीजीपीए ८.२, बॅकलॉग नाही. गेट सीएस देणार आहे. आयआयएससीचं कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्स आणि आयआयटीचं सीएसई, या दोन्हींत माझा कल पहिल्याकडे आहे, पण गणितात लिनियर अल्जेब्राच्या पुढे काही झालेलं नाही. एका सेमिस्टरमध्ये काय भरून काढू?' त्यावर दोन ओळींत नेमकं उत्तर आलं: न्यूमेरिकल लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स.

गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेबद्दल थोडक्यात. ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास; तिसऱ्या वर्षातही देता येते आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना चुकल्यास एक तृतीयांश गुण कापतात, पण आकडा टाइप करायच्या प्रश्नांना काही कापत नाहीत, म्हणून ते कोरे सोडू नका. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच वापरावा लागतो. सरावही त्यावरच करा.

खरा गोंधळ निकालानंतर होतो. कोअॅप हे फक्त ऑफर दाखवणारं आणि स्वीकारायचं पोर्टल आहे. तिथे नोंदणी केली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. प्रत्येक आयआयटीचा आणि आयआयएससीचा अर्ज त्यांच्या त्यांच्या साइटवर वेगळा भरायचा असतो, आणि तारखाही वेगवेगळ्या. एनआयटींसाठी सीसीएमटी हे प्रवेशाचं पोर्टल आणखी वेगळं. मी संस्था, अर्जाची शेवटची तारीख, फी आणि मुलाखत आहे का, अशा चार रकान्यांची शीट केली होती. आयआयटी मुंबईत एम.टेक.च्या प्रवेशाचे टीए (टीचिंग असिस्टंट) आणि रिसर्च असिस्टंट असे वेगळे प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकाराला ३ वर्षं लागतात, हे भरण्याआधीच लक्षात घ्या.

जर्मनीचा पर्याय ठेवणार असाल तर एपीएस प्रमाणपत्राला (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र) वेळ लागतो, ते आधी काढा. गुण त्यांच्या मोजमापात बदलताना कमाल गुणांतून आपले वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्ण यांच्या फरकाने भागायचं, ३ ने गुणून १ मिळवायचा. ८.२ ला उत्तीर्ण ग्रेड ४ धरली तर १.९ येतो, ५ धरली तर २.०८. तुमच्या गुणपत्रिकेवर किमान उत्तीर्ण ग्रेड कुठे छापली आहे ते शोधा, नसेल तर विद्यापीठाकडून लिहून घ्या. शिवाय तिथे विषयवार क्रेडिट तपासतात. फिजिक्स आणि गणिताच्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये तयार ठेवा.

शिफारसपत्र किमान ६ आठवडे आधी मागा. सोबत गुणपत्रिका, संस्थांची यादी, तारखा आणि केलेल्या कामाचा दोन पानी अहवाल द्या. मी त्या स्प्रिंगच्या गणिताचाच दिला होता: एका पानावर दोन्ही पद्धतींचे ऊर्जेचे आलेख शेजारी शेजारी, दुसऱ्या पानावर १.०००१ कुठून आला त्याची मांडणी.