47व्या वर्षी परीक्षेला बसले

22 वर्षं झाली स्टॅटिस्टिक्स शिकवतेय, तालुक्याच्या कॉलेजात, पण ‘स्वयम’ या सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एनपीटेलचा (आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) 12 आठवड्यांचा पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स मागच्या वर्षी पहिल्यांदा केला. शिकायला फुकट, परीक्षेला बसायचं तरच फी. टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची पोरं विचारायची मॅडम याचे डिग्रीसाठी क्रेडिट मिळतात का (मिळू शकतात, यूजीसीने 2021 मध्ये एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे घ्यायची मुभा दिलीय), आणि स्वतः न करता त्यांना काय सांगणार म्हणून नाव नोंदवलं.

पहिल्या आठवड्यात पोळ्या लाटता लाटता मोबाईलवर दीडच्या स्पीडने लेक्चर ऐकली, सगळं कळतंय असं वाटलं, आणि बुधवारी रात्री साडेअकराला असाइनमेंट उघडली तर काहीच सुचेना. 12 ला बंद होते. 40 मार्क पडले. पुढच्या आठवड्यात परत तेच. मग वही काढली, दहा मिनिटं बघायचं, थांबवायचं, कोड स्वतः टाइप करायचा. तरी फॉर लूपखाली (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला सांगणारी कोडची ओळ) सारखा एरर. शेवटी लॅबमध्ये टीवायच्या एका मुलाला दाखवलं, तो हळूच म्हणाला, “मॅडम, खालच्या ओळीआधी चार स्पेस सोडा ना.” लगेच चाललं! तेव्हापासून आम्ही पाच जण दर मंगळवारी कॉलेज सुटलं की लॅबमध्ये बसायचो, नेट गेलं तर कुणाच्या तरी हॉटस्पॉटवर.

12 पैकी चांगल्या 8 असाइनमेंट धरतात म्हणून सुरुवातीचे दोन आठवडे निभावले. त्याचे 25 टक्के, परीक्षेचे 75, आणि परीक्षा सेंटरवर जाऊनच, मी पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला गेले. तीन तास. शेजारी सगळी माझ्या लेकीच्या वयाची पोरं. 68 आले, एलिट म्हणजे साध्या पासच्या वरचं सर्टिफिकेट मिळालं, लेकीने फ्रेम करून आणलं.

2020 मध्ये मी तास-तासभराची लेक्चर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचे, वर पीडीएफ, आणि पोरं बघत नाहीत म्हणून चिडायचे. रात्री एकट्याने स्क्रीनसमोर अडकून बसायचं आणि विचारायला कुणी नाही, हे काय असतं ते मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं, आणि ते आठवलं की त्या बॅचबद्दल फार वाईट वाटतं. आता व्हिडिओ 10-12 मिनिटांचाच करते, खाली एकच गणित, वहीत सोडवून फोटो आले की मगच पुढचा टाकते. मंगळवारचं बसणं या सेमिस्टरलाही चालू आहे, आता नऊ जण आहोत.