पालकाची सही

बडोदे, मंगळवार, 10 डिसेंबर 2024

आज शेंडेफळ अठरा वर्षांचं झालं.

ह्यांची सकाळची शिफ्ट, त्यामुळे पहाटे पाचला निघताना झोपलेल्या लेकीच्या डोक्यावर नुसता हात ठेवून गेले. साडेसहाला औक्षण केलं. आंघोळ झाल्याबरोबर, तोंडात काही घालायच्या आधी, हा सासूबाईंचा नियम. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता आणि माझी लग्नातली अंगठी. थोरलीला, मधल्याला, हिला, तिघांनाही दर वाढदिवसाला याच अंगठीनं ओवाळलंय. सासूबाईंना आता खाली वाकवत नाही. त्या खुर्चीत बसल्या आणि ही त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. कुंकू लावताना त्यांचा हात थरथरत होता, तो हिनं अलगद खालून धरला. कुंकू जरा तिरकंच लागलं. तिनं ते दिवसभर तसंच ठेवलं.

तिचं कॉलेज दुपारचं, म्हणून सकाळीच दोघी रावपुऱ्याच्या पोस्टात गेलो. 2015 मध्ये सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली तेव्हा ही आठ वर्षांची होती. दहाच्या आतल्या मुलींनाच खातं उघडता येत होतं. थोरली तेव्हा अठराला आलेली, तिला काही ते मिळालं नाही. हिचं मी 1,000 रुपये भरून उघडलं आणि मग जमेल तसं टाकत गेले. दिवाळीच्या बोनसमधून, शिवणाच्या पैशातून, एका वर्षी तर भिशी लागली ती सगळीच. मुलगी अठराची झाली की खातं तिच्या हाती जातं. पालकाचा अधिकार तिथे संपतो. वाढदिवसालाच जायचं, हे मी वर्षभर ठरवून ठेवलं होतं.

खिडकीतल्या बाईंनी आधार, पॅन, फोटो सगळं पाहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला. सवयीनं माझाच हात पेनाकडे गेला. त्या हसून म्हणाल्या, "हवे तमारी सही नहीं चाले, बेन. दीकरीनी जोईए." आता तुमची सही चालणार नाही, मुलीची हवी.

मी बाजूला झाले.

आठवडाभर ही पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेत सही गिरवत होती, ते मला माहीत होतं. पण कुठल्या लिपीत करणार, ते शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. देवनागरीत केली. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाली, "शाळा गुजरातीत झाली, कॉलेज इंग्रजीत चाललंय. सही तरी आपल्या घरातली असू दे." रस्त्यात उभं राहून मी तिचा हात घट्ट धरला. काही बोलता आलं नाही.

'पालकाची सही' या रकान्यात मी थोरलीच्या बालवाडीपासून सही करत आलेय. ह्यांची कोयलीच्या रिफायनरीतली शिफ्ट कधी पहाटेची, कधी रात्रीची, त्यामुळे घरातल्या सगळ्या सह्या माझ्याच. प्रगतिपुस्तकं, सहलीची संमतिपत्रं, तापाच्या रजेच्या चिठ्ठ्या. मधल्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन रात्री एक वाजता झालं, त्या कागदावरची सही मला अजून डोळ्यांसमोर दिसते, कारण ती माझी वाटतच नाही, इतका हात कापत होता. पंचवीस वर्षांत अशा सह्या किती केल्या ते कोण मोजणार. आज त्यातली शेवटची मी केलीच नाही, तिनं केली. मला फार फार आनंद झालाय, आणि तो इथे साध्या शब्दांत लिहून ठेवावासा वाटतो.

पोस्टातून निघाल्यावर सयाजीगंजकडे गेलो. काळा घोडा म्हणतात त्या चौकात सिग्नल लागला तेव्हा रिक्षातून बडोद्याचे महाराज सयाजीराव यांचा घोड्यावरचा पुतळा समोर होता. लहानपणापासून हजारदा पाहिला असेल, पण आज एक गोष्ट नव्यानं मनात आली. नाशिककडच्या कवळाण्याहून आणलेला तो बारा वर्षांचा मुलगा. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं तेव्हा त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं. पुढची सहा वर्षं राज्य चालवलं दिवाण टी. माधवरावांनी आणि मुलाच्या मागे अभ्यास लावला. 28 डिसेंबर 1881 ला राज्याचा अधिकार त्याच्या हाती आला, तेव्हा वय अठरा. पुढे याच राजानं 1906 मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, म्हणून तर आमच्या आजेसासूबाईंना पाटी मिळाली. पण मला आज राजा नाही, जमनाबाई आठवत राहिल्या. दुसऱ्याच्या पोटचं पोर, बारा वर्षांचं आणलेलं, आणि सहा वर्षांत ते राज्य करायला उभं राहिलं. त्या रात्री त्यांना झोप लागली असेल का?

कायद्यानं आज अठरा. माझ्या मनात मात्र ही ऑगस्टमध्येच मोठी झाली.

त्या पुरात हे रिफायनरीत अडकलेले. मुजमहुड्यातल्या आमच्या टेनामेंटमध्ये आम्ही तिघीच. आजवा धरणातून सोडलेलं पाणी, वरून पाऊस, आणि विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 च्या वर गेलेली. रात्री दाराच्या फटीतून पाणी आत आलं तेव्हा मी देवघरातल्या मूर्ती उचलायला धावले. ही धावली आजीच्या खोलीत. शेजारचा मुलगा बोलावला, प्लास्टिकच्या खुर्चीत सासूबाईंना बसवलं आणि दोघांनी ती खुर्ची जिन्यावरून वर नेली. गोळ्यांचा डबा, बॅटरी, आधारकार्डं, सुकन्याचं पासबुकसुद्धा, सगळं एका पिशवीत गाठ मारून ठेवलेलं. हे तिनं कधी केलं, मला पत्ता नाही. तीन दिवस वीज नव्हती. मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या, त्यामुळे कुणाला खाली उतरवेना. तर हिनं गच्चीवरून हाका मारमारून सोसायटीत कुणाकुणाला इन्सुलिन लागतं त्याची यादी केली, आणि होडी घेऊन लोक आले तेव्हा पहिल्यांदा ती यादीच पुढे केली. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना मी रडले. ती फावडं ठेवून आली, माझे डोळे कोपरानं पुसले, कारण हात बरबटलेले होते, आणि म्हणाली, "आई, भिंती आहेत ना."

आता मतदार यादीचा फॉर्म 6 भरायचाय. 1 जानेवारीला अठरा पूर्ण असले की झालं. मी तिला सांगितलं की मताचं वय एकवीसवरून अठरा झालं ते 1989 मध्ये. त्याच नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक आली आणि दांडिया बाजारातल्या आमच्या माहेरच्या घरातून दादानं आणि मी एकाच दिवशी पहिलं मत दिलं. नियम बदलला नसता तर एकोणीसाव्या वर्षी मी घरीच बसले असते. आईनं त्या दिवशी आम्हा दोघांच्या हातावर दही घातलं होतं, परीक्षेला जाताना घालतात तसं. हिच्या पहिल्या मताच्या दिवशी मीही घालणार.

ॲक्टिव्हाला अठरापर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची अट. तिघांनीही पाळली. हिनं आज फक्त गाडीवरची धूळ पुसली. लायसन्सचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणाली.

संध्याकाळी हे पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, घेऊन आले. शेव, लिंबू, वर तिखट वाटण. जेवायला बासुंदी-पुरी आणि शेजारच्या बेननी पाठवलेला उंधियू. थोरली आणि मधला व्हिडिओ कॉलवर एकाच वेळी बोलत होते, त्यामुळे कुणाचंच धड ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी हजाराची नोट समजून शंभराची दिली. तिनं वाकून नमस्कार केला आणि ती नोट मोबाइलच्या कव्हरात घातली.

आत्ता साडेदहाला ती माझ्या खोलीत आली. हातात पासबुक. खातं मुदतीला येणार 2036 मध्ये, तोवर कुठे ठेवायचं, म्हणाली. तिच्या टेबलाला खण आहे, कुलूपही आहे. तरी स्वतःच कपाट उघडलं, बिस्किटांच्या जुन्या डब्यात माझ्या पासबुकाखाली ठेवलं आणि झाकण लावलं.

"भरायचे असतील तेव्हा मीच जाईन," म्हणाली. "तू फक्त आठवण कर."

ह्यांचा उद्याही पहाटेचा डबा आहे. कणीक आत्ताच भिजवून ठेवते.