वाचनवही, अकरावा महिना: पुस्तकाऐवजी बैठकीची नोंद

गेल्या वर्षी १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला, मी नोशन या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये वाचनाची वही उघडली. सुरुवात सगळे करतात तशीच होती. एक तयार टेम्पलेट घेतलं, त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख आणि तारे. फेब्रुवारीपर्यंत १९ ओळी झाल्या. मुखपृष्ठांची गॅलरी दिसायला सुंदर होती, पण माझ्या वाचनाबद्दल ती मला काहीच सांगत नव्हती. डिसेंबरात सुरू केलेलं पुस्तक फेब्रुवारीत संपलं, तर मधले दोन महिने मी रोज थोडं वाचत होते की ते उशाशी पडून होतं? वहीत याचं उत्तर नव्हतं.

मग शेजारी दुसरा तक्ता केला, ‘बैठका’. पुस्तक घेऊन बसले की एक ओळ. त्यात पुस्तक (रिलेशनने, म्हणजे दोन तक्ते जोडणाऱ्या रकान्याने, पहिल्या तक्त्याला जोडलेलं), तारीख, कुठल्या पानापासून, कुठल्या पानापर्यंत, मिनिटं आणि जागा. बस, एवढंच. फोनच्या होमस्क्रीनवर हा तक्ता ठेवलाय आणि नवी ओळ उघडली की आजची तारीख आणि वेळ आपोआप येते. ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल पकडते, बसायला मिळतं. मशीद बंदर गेलं की पुस्तक मिटायचं आणि सीएसएमटी येईपर्यंत ओळ भरून टाकायची. पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे. याहून जास्त रकाने ठेवले असते तर मी महिन्याभरात कंटाळले असते, हे नक्की.

गणितात दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या, त्या सांगते, कारण नव्याने करणाऱ्यांचं इथेच चुकतं. पान ४१ ते ६० वाचलं तर पानं १९ होत नाहीत, २० होतात. म्हणून सूत्रात ‘शेवट वजा सुरुवात’ याला अधिक एक हवंच. दुसरी गोष्ट, प्रगतीची पट्टी. आधी मी सगळ्या बैठकांच्या पानांची बेरीज रोलअपने (जोडलेल्या तक्त्यातले आकडे एकत्र करून दाखवणाऱ्या रकान्याने) पुस्तकाकडे आणत होते. पण एखादं प्रकरण आवडून दुसऱ्यांदा वाचलं की पट्टी पुस्तक संपण्याआधीच शंभरावर जायची. आता रोलअपमध्ये बेरजेऐवजी ‘कमाल’ घेते, म्हणजे आजवर गाठलेलं सगळ्यात पुढचं पान. पुनर्वाचनाची पानं वेगळ्या रोलअपमध्ये बेरजेने मोजली जातातच, ती कुठे वाया जात नाहीत.

पण खरी मजा आली ती मापाच्या रकान्यात. आपण जे वाचतो ते सगळं पानांत मोजण्यासारखं नसतं. चैत्रात ज्ञानेश्वरी वाचायला घेतली. घरात दोन प्रती, दोन्हींची पानं वेगळी. म्हणून आधी अध्यायांवर मोजलं. अठरा अध्याय, सोपं वाटलं. नंतर लक्षात आलं की बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत आटोपतो आणि अठरावा अठराशेच्या वर जातो. सतरा अध्याय झाले की पट्टी ९४ टक्के दाखवणार, आणि प्रत्यक्षात नऊ हजारांच्या आसपास ओव्यांतला पाचवा हिस्सा अजून समोर असणार. तेव्हा पुस्तकांच्या तक्त्यात ‘माप’ नावाचा रकाना केला: पान, ओवी, मिनिट, रात्र. मिनिट ऐकायच्या पुस्तकांसाठी. रात्र एकाच पुस्तकासाठी आहे. भाचीला ‘श्यामची आई’ वाचून दाखवतेय, त्यात ४२ रात्री आहेत आणि आम्ही रोज एक घेतो. तिला पान क्रमांकाशी काही देणंघेणं नाही. ती विचारते, “मावशी, आज कितवी रात्र?” तिच्यासाठी तेच माप बरोबर आहे.

दिवाळी अंकांनी मात्र मला सगळ्यात जास्त वेळ झुलवलं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत दिवाळीचं वाचन हा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि तयार टेम्पलेटमध्ये त्याला जागाच नाही. दिवाळी अंक पुस्तकासारखा ओळीने कोण वाचतं? आधी आवडत्या लेखकाची कथा, मग एखादा दीर्घ लेख, कविता मधेमधे, आणि उरलेलं होळीपर्यंत. ‘वाचून झाला’ असं त्याच्याबद्दल कधी म्हणायचं? शेवटी अंकाला मुख्य नोंद केली आणि अनुक्रमणिकेतला प्रत्येक मजकूर त्याखाली उपनोंद म्हणून घातला. गेल्या दिवाळीचे चार अंक, ५८ उपनोंदी. एका अंकाची अनुक्रमणिका टाइप करायला अर्धा-पाऊण तास जातो, पण मला ते काम आवडतं. फराळाचं ताट शेजारी घेऊन अनुक्रमणिका उतरवताना काय काय वाचायचंय याची चव आधीच घेतली जाते. ५८ पैकी ३१ वाचून झालेत. उरलेले आता नव्या अंकांच्या आधी संपवायचा निश्चय आहे.

या उपनोंदींमुळे लेखकांचा तिसरा तक्ता करावाच लागला. आधी लेखक हा साधा निवडीचा रकाना होता, आणि त्यात ‘गो. नी. दांडेकर’, ‘गो.नी.दांडेकर’ आणि ‘गोनीदा’ असे तीन वेगळे लेखक तयार झाले होते. आता प्रत्येक लेखकाला एक पान आणि ‘इतर नावे’ असा रकाना. राम गणेश गडकरींच्या पानावर नाटकं त्यांच्या नावाची, कविता गोविंदाग्रजांच्या आणि विनोदी लेख बाळकरामांचे, तिन्ही एकत्र दिसतात. तसंच शिरवाडकर आणि कुसुमाग्रज. आणि एखाद्या आजच्या लेखिकेचं पान उघडलं की तिचा कथासंग्रह आणि तीन दिवाळी अंकांत विखुरलेल्या तिच्या कथा एका खाली एक येतात. यासाठी सगळा खटाटोप केला असता तरी चाललं असतं!

आता एक ताकीद. मे महिन्यात मी सगळा डेटा सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याची फाइल) करून स्प्रेडशीटमध्ये उघडला, दोन दुरुस्त्या केल्या, जतन केला आणि नोशनमधल्या जुन्या नोंदींच्या जागी तोच घातला. स्प्रेडशीटने आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचे, तेरा आकडे ही एक संख्या समजून आखडून टाकले. ९७८-८१ आणि ९७८-९३ ने सुरू होणारे सगळे क्रमांक ‘९.७८ई+१२’ अशा एकाच रूपात आले आणि पुढचे आकडे गेले. माझ्याकडे मूळ फाइल नव्हती. ८६ पुस्तकं कपाटातून काढून मागचं पान बघत क्रमांक पुन्हा भरले. तुम्ही हे कराल तेव्हा तो रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवा, आणि मूळ फाइलला हात लावू नका. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, त्यामुळे ओळख म्हणून त्याच्यावर विसंबण्यात तसाही अर्थ नाही. मी आता स्वतःचा अनुक्रमांक देते.

आणि एक बारीक गोष्ट, जी शोधायला मला आठवडा लागला. ‘माध्यम’ या रकान्यात छापील, ईबुक आणि ॲप असे तीन पर्याय आहेत. आलेखात मात्र चार रंग यायचे. ‘ॲप’ दोनदा, डोळ्यांना तंतोतंत सारखे. कारण असं की ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक आख्खं अक्षर, जे युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत) २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, आणि दुसरं ‘अ’ला चंद्र जोडून केलेलं. माझा फोन एक लिहीत होता, लॅपटॉप दुसरं. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तुमच्याही वहीत एखादा पर्याय जुळा दिसत असेल तर आधी ‘ॲ’ तपासा.

बैठकांचा तक्ता आल्यापासून २१२ बैठका झाल्या. मी स्वतःला रात्री वाचणारी समजत होते. ‘जागा’ या रकान्यावर गट पाडले तेव्हा कळलं की १३१ बैठका लोकलमधल्या आहेत, सरासरी २२ मिनिटांच्या. रात्री दहानंतरच्या बैठका सरासरी ९ मिनिटांत संपतात आणि दुसऱ्या दिवशी तीच दोन पानं पुन्हा वाचावी लागतात, हे पान क्रमांकांवरून स्पष्ट दिसतं. म्हणून आता जाड चरित्रं रविवार सकाळसाठी राखून ठेवलीत आणि लोकलमध्ये कथा. ‘अर्धवट’ या स्थितीतली एक ओळ मात्र मी मुद्दाम तशीच ठेवलीय, जागा: भिलार. पुस्तकांच्या गावात एका घराच्या ओसरीवर १४० पानांपर्यंत पोचले होते आणि परतीची वेळ झाली. ते पुस्तक विकत मिळेल, पण मला १४१वं पान तिथेच जाऊन वाचायचंय.

गेल्या महिन्यापासून आणखी एक काम हाती घेतलंय. आईची शंभर पानी वही सापडली, १९८४ ते १९९१ पर्यंतची, तिच्या गावच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांची. तिची वर्गणी ‘एक पुस्तक, एक मासिक’ अशी होती. तारीख, दाखल क्रमांक (वाचनालयाने पुस्तकाला दिलेला), नाव, आणि काही नावांपुढे निळ्या शाईत ‘पु. वा.’. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, पुन्हा वाचणे. वेळ मिळाला की पुन्हा आणायचं म्हणून खूण करायचे.” माझ्या अकरा रकान्यांत असा एकही नव्हता. त्याच दिवशी ‘पु. वा.’ नावाचा चौकोन केला, टिचकी मारायचा. दर रविवारी जेवण झालं की आम्ही दोघी तिची दोन पानं उतरवतो. ती वाचते, मी टाइप करते, आणि मधेच थांबून ती एखाद्या पुस्तकाची गोष्ट सांगायला लागते, ती मी त्या नोंदीच्या पानात तशीच लिहून घेते.

२३ ओळींत नाव नाही, नुसताच दाखल क्रमांक आहे. पुढचा रविवार पान बारापासून. तिथे सलग तीन ओळींत एकच क्रमांक लिहिलाय, म्हणजे तिने ते पुस्तक मुदत संपली की पुन्हा नावावर लावून घेतलं होतं, आणि शेवटच्या ओळीपुढे दोनदा ‘पु. वा.’ आहे. कोणतं ते तिला अजून आठवलेलं नाही. मुखपृष्ठ पिवळं होतं, एवढं सांगितलंय.